पिंजऱ्यात दिसतं ते खरं कुत्रं नसतं

शेल्टरमधून, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यातून, कुत्रं किंवा मांजर आणायचं मनात असलेली बरीच मंडळी मला विचारतात की कुठलं घेऊ, आणि मी प्रत्येकाला एकच सांगते की पिंजऱ्यासमोर उभं राहून ठरवू नका. मी बरीच वर्षं एका शेल्टरमध्ये जमेल तसं काम करते, म्हणजे केनेल (कुत्र्यांचे पिंजरे) धुणं, कुत्र्यांना फिरवून आणणं, मांजरांच्या खोलीत नुसतं बसून राहणं (हे पण कामच आहे आणि फार महत्त्वाचं आहे), आणि घरी काजळ नावाची कुत्री आणि टिकली नावाची मांजर, दोघी शेल्टरमधूनच आल्यात. तर एवढं सगळं जवळून बघून माझं ठाम मत झालंय की पिंजऱ्यात आपल्याला दिसतं ते त्या जीवाचं घाबरलेलं नाहीतर थकलेलं रूप असतं, आणि तो मुळात कसा आहे हे घरात रुळल्यावर, काही आठवड्यांनी कळतं. कुठलं निवडायचं, कोणाला विचारायचं, पहिल्या आठवड्यात काय काय टाळायचं, ही सगळी उत्तरं मला तरी ह्याच एका गोष्टीत सापडतात.

शेल्टर कितीही चांगलं असो, तिथली माणसं कितीही जीव लावणारी असोत, कुत्र्यासाठी ती जागा अवघडच असते. एक भुंकला की सगळे भुंकतात, आणि भिंती फरशीच्या, त्यामुळे आवाज घुमत राहतो, केनेलमध्ये आवाज मोजला गेलाय तेव्हा तो 100 डेसिबलच्याही वर गेलेला सापडलाय. आपल्याला तिथे अर्धा तास उभं राहिलं तरी डोकं उठतं, आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. झोप धड लागत नाही, वास सगळे अनोळखी, समोरून सतत वेगवेगळी माणसं जातायत. अमेरिकेत 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, पाच शेल्टरमधल्या 207 कुत्र्यांना फक्त एक-दोन रात्रींसाठी कोणाच्या तरी घरी पाठवलं आणि त्यांच्या लघवीतून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. घरी असताना ते खाली आलं, झोपही जास्त मिळाली, आणि शेल्टरला परत आल्यावर पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर गेलं. एका रात्रीत एवढा फरक पडतो! म्हणजे आपण पिंजऱ्याबाहेर उभं राहून ज्याला स्वभाव म्हणतो त्यातला बराचसा भाग ह्या ताणाचा असतो.

आता काजळचंच घ्या. ती केनेलमध्ये दाराकडे पाठ करून, तोंड कोपऱ्यात घालून बसायची. कोणी आलं की कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि वाटी समोर ठेवली तरी माणूस जाईपर्यंत तोंड लावायची नाही. तिच्या कार्डावर 'शांत, लाजाळू' लिहिलेलं. आज ती घरातली सगळ्यात बडबडी आहे, दारावर टकटक झाली की आधी ती बोलणार, धुतलेल्या कपड्यांतला एक मोजा उचलून आणून पायाशी ठेवणार, आणि आपण लक्ष दिलं नाही तर नाकाने कोपराला ढोसणार. आणि ह्याच्या अगदी उलट, आमच्याकडे एक मोठा तपकिरी, रुंद डोक्याचा कुत्रा होता, कोणी समोर आलं की दारावर उडी घेऊन जाळी हलवायचा, लोक दोन पावलं मागे सरकायचे आणि पुढच्या केनेलकडे निघून जायचे. त्याला बाहेर काढून गेटच्या पलीकडे नेलं की पहिली दहा मिनिटं तो जमीन हुंगत सुटायचा, वर मान सुद्धा करायचा नाही, मग एक मोठा सुस्कारा टाकून अंग झटकायचा आणि तुमच्या बुटावर हनुवटी ठेवून आडवा व्हायचा. दारावर उड्या मारणारा आणि बुटावर डोकं ठेवणारा, दोन्ही तोच, मधे फक्त एक गेट.

म्हणून माझं म्हणणं, आवडलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यातून बाहेर काढून भेटा, मोकळ्या जागेत, आवाजापासून लांब, आणि घाई करू नका. पहिली काही मिनिटं तो तुमच्याकडे बघणारच नाही, त्याला हुंगू द्या. खाली बसा, त्याच्याकडे थोडी बाजू करून, हात डोक्यावरून नेऊ नका, तो आपणहून जवळ येतोय का बघा. आणि एकदा भेटून झालं की दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला पुन्हा जा, वेगळंच कुत्रं भेटल्यासारखं वाटेल कधी कधी.

आणि विचारायचं कोणाला, तर जो रोज त्याचा पिंजरा धुतो त्याला. ऑफिसातल्या फाईलमध्ये वय, वजन, लस, नसबंदी हे सगळं असतं आणि ते बघायलाच हवं, पण जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतो का, झाडू बघून दबकतो का, पुरुषांना बिचकतो का बायकांना, दुसऱ्या कुत्र्याशेजारून नेलं तर काय करतो, एकटा ठेवला तर रडतो का, गाडीत बसतो का, हे त्या माणसाला माहीत असतं. आधी कुठल्या घरात होता का आणि तिथून का सोडला हेही विचारा, लोक कुत्रं सोडतात त्यात घर बदलणं, आजारपण, घरातलं कोणी जाणं अशी कारणं पुष्कळ असतात, प्रत्येक वेळी कुत्र्यात काही खोट असते असं अजिबात नाही. तो कोणाच्या घरी फोस्टरला, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, राहिलेला असेल तर मग सोन्याहून पिवळं, त्या माणसाशी जरूर बोला, कारण त्याने त्याला घरात बघितलेलं असतं आणि तुम्हाला हवी ती माहिती नेमकी तीच आहे.

जात बघून निवडणाऱ्यांसाठी थोडं. शेल्टरमधली बरीचशी कुत्री मिश्र असतात आणि कार्डावर लिहिलेली जात बऱ्याचदा नुसता बघून केलेला अंदाज असतो, डीएनए तपासलं तर भलतंच निघतं. आणि खरी जात कळली तरी स्वभाव कळेल असंही नाही. 'सायन्स' ह्या नियतकालिकात 2022 साली 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीने समजावता येतो असं निघालं. आकार, केस, किती व्यायाम लागेल ह्याचा अंदाज घ्यायला जात ठीक आहे, पण समोरचं कुत्रं प्रेमळ आहे का हे समोरच्या कुत्र्याकडूनच कळणार.

पिल्लूच हवं असा हट्ट मला मनापासून नको वाटतो. पिल्लं गोड असतात हो, आणि त्यांना घरं पण पटकन मिळतात, पण रात्री उठून शू करायला न्यावं लागतं (साधारण जितक्या महिन्यांचं तितके तास धरू शकतं, असा ढोबळ हिशोब सांगतात), दात येताना दिसेल ते चावतं, मोठं झाल्यावर केवढं होईल, कसं होईल, काही सांगता येत नाही. चार-पाच वर्षांचं कुत्रं घेतलं तर आकार समोर दिसतोय, स्वभाव बनलेला आहे, आणि पुष्कळदा त्याला घरात कसं राहायचं ते आधीच माहीत असतं. लोकांना वाटतं मोठं कुत्रं आपल्याला लळा लावणार नाही. काजळ आली तेव्हा चांगली मोठी होती, आता मी अंघोळीला गेले तरी दाराला नाक लावून बसते. आणि म्हातारी कुत्री तर, त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही, तोंड पांढरं झालेलं, सांधे आखडलेले, त्यांना काय लागतं तर मऊ अंथरूण, दोन छोट्या फेऱ्या आणि माणूस. औषधपाण्याचा खर्च आधी शेल्टरला नीट विचारून घ्या, पण वयाकडे बघून पुढे जाऊ नका, प्लीज. तसंच जोडीचं. काही कुत्री, काही मांजरं एकमेकांना इतकी धरून असतात की शेल्टर त्यांना एकत्रच देतं, आणि दोघं म्हणजे डबल कटकट असं लोक धरून चालतात, पण ओळखीचा सोबती बरोबर असला की नव्या घरातली भीती खूप लवकर जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शेल्टरवाले फार प्रश्न विचारतात अशी तक्रार कायम ऐकू येते. घरात कोण कोण आहे, सगळ्यांना चालणार आहे का, दिवसभर कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर काय करणार. काही ठिकाणी घर बघायला येतात. विचारू देत ना! ज्या जीवाला एकदा घरातून बाहेर काढलं गेलंय त्याच्यावर पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून चाललेली धडपड आहे ती. उलट काही न विचारता, कागद न देता, जनावर कुठे ठेवलंय ते न दाखवता कोणी रस्त्यात हातात पिल्लू द्यायला निघालं तर तिथून पाय काढा, मग तो स्वतःला रेस्क्यू म्हणवत असला तरी.

आता घरी आणल्यावर. पहिले काही दिवस सगळ्यात मोठा धोका कुठला माहितीये का, पळून जाण्याचा. त्याला अजून हे घर आपलं वाटत नाहीये, तुमची हाक ओळखीची नाही, आणि घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान वाकडी करून गळपट्ट्यातून असं सटकन निघतं की कळत पण नाही. त्यामुळे गळपट्टा आणि नीट बसणारं हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), दोन्ही, आणि दोघांना पट्टा, गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच सैल जागा. गाडीचं दार उघडायच्या आधी पट्टा हातात. शेल्टरपासून घरी येताना मधे कुठे थांबायचं नाही, कोणाला दाखवायला न्यायचं नाही. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिच्या 15 आकडी नंबरावर तुमचं नाव आणि फोन नोंदवून घ्या आणि ते त्याच दिवशी करा, चिप आहे पण नोंद जुन्याच माणसाच्या नावावर, अशी हरवलेली कुत्री शेल्टरला परत येतात तेव्हा फार जीव तुटतो.

घरात एक कोपरा त्याचा करा, जिथून कोणी ये-जा करणार नाही, तिथे अंथरूण, पाणी, आणि तो तिथे असताना त्याला कोणी हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच. पहिल्या दिवशी अंघोळ नको, पाहुणे नको, फोटोसाठी मांडीवर घेणं नको. खाणं शेल्टरमध्ये जे होतं तेच चालू ठेवून आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडतं आणि मग तुम्हाला कळत नाही की ताणाने झालं, खाण्याने झालं का आजार आहे. ह्या कामातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं सांगतात, पहिले तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवड्यांत घराची सवय, तीन महिन्यांत आपलेपणा. हा काही शास्त्रीय नियम नाही, कोणाला कमी लागतं कोणाला कितीतरी जास्त, पण ह्याचा उपयोग असा की चौथ्या दिवशी 'हा आमच्यात मिसळतच नाही' म्हणून जे फोन येतात त्यांना काहीतरी धरून राहायला मिळतं.

त्या काळात त्याच्या अंगाकडे बघायला शिका. झोप नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांचं पांढरं दाखवत तिरकं बघणं, अंग ताठ होणं, हे सगळं 'मला नको, जरा लांब हो' असं सांगणं आहे. मुलं गळ्यात हात टाकतात आणि आपण म्हणतो बघा किती सहन करतोय, आणि तो बिचारा जांभया देत असतो. आणि गुरगुरला तर ओरडू नका, मारणं तर सोडाच. गुरगुरणं म्हणजे तो चावण्याआधी सांगतोय, त्यावरून रट्टा बसला तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. मागे व्हा, कशावरून गुरगुरला ते लक्षात ठेवा, आणि ते खाणं, खेळणं किंवा जागा राखण्यावरून वारंवार होत असेल तर शेल्टरला फोन करा, चांगल्या प्रशिक्षकाचं नाव मागा, लपवून ठेवू नका.

ह्याच्या उलटही होतं, पहिले दोन आठवडे कुत्रं अगदी गुणी बाळ, आवाज नाही की काही नाही, आणि मग एकदम भुंकायला लागतं, सोफ्यावर चढतं, बाहेर दुसऱ्या कुत्र्यावर धावून जातं. लोक म्हणतात बिघडला. अहो, तो आधी अंग चोरून राहत होता, आता त्याला इथे मोकळं वाटायला लागलंय. शिकवायला सुरुवात करायची खरी वेळ ही, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी रोजच्या ठरलेल्या वेळा, पुरेसं फिरणं आणि योग्य वेळी दिलेला खाऊ एवढ्यानेच सुधारतात.

मांजरांचं गणित थोडं वेगळं आहे. मांजराला पूर्ण घर एकदम देऊ नका, एका खोलीत ठेवा, लपायला खोका, वाळूचा ट्रे एका टोकाला आणि खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला. टिकली आली ती सरळ कपाटामागे गेली आणि पुढचे कितीतरी दिवस आम्हाला फक्त दोन डोळे दिसायचे. मी जमिनीवर बसून हळू आवाजात वाचत बसायचे, तिच्याकडे न बघता. आधी मिशा बाहेर आल्या, मग एक पंजा, मग एकदा माझ्या पुस्तकाच्या कोपऱ्याला गाल घासून पुन्हा आत पळाली. हे लपणं चालतं, पण न खाणं चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर तिच्या यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं, अंगाने जाड मांजराला तर जास्तच, त्यामुळे एक पूर्ण दिवस तोंडात काही गेलं नाही तर व्हेटला फोन करा. दुसरं म्हणजे शिंका. पुष्कळ मांजरांच्या अंगात हर्पीसचा विषाणू गपचूप बसलेला असतो (मांजरांमधला आहे, माणसाला होत नाही) आणि ताण आला की डोकं वर काढतो, त्यामुळे घरी आल्यावर आठवड्याभरात शिंका, डोळ्यांतून पाणी असं सुरू होऊ शकतं. शेल्टरने आजारी मांजर गळ्यात मारलं असं लगेच म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा नीट होतं. एफआयव्ही आणि ल्युकेमिया (मांजरांना एकमेकांपासून होणारे दोन विषाणूंचे आजार) ह्यांची टेस्ट झालीये का हे मात्र आधीच विचारा, घरात दुसरं मांजर असेल तर हे फारच महत्त्वाचं. घरात आधीपासून मांजर असेल तर दोघांची भेट घाईने घडवू नका, आधी एकमेकांच्या अंथरुणाचा वास देऊन बघा, मग दाराच्या फटीतून, मग जाळीपलीकडून. कुत्र्यांची पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही हद्दीत नसलेल्या जागी, शेजारी शेजारी चालत.

कुत्र्याच्या पिल्लांबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते, पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणारा विषाणूचा आजार. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला काही दिवस, कधी दोन आठवडे जातात, म्हणजे शेल्टरमधून निघताना नाचणारं पिल्लू घरी येऊन आजारी पडू शकतं. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूल होणं, ह्यातलं काही दिसलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही. लशीचे डोस 16 आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालू असतात, मधला एखादा चुकवू नका. हा विषाणू जागेत महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे तुमच्या घरात पूर्वी पार्व्होने कुत्रं गेलं असेल तर शेल्टरला सांगा, ते तुम्हाला लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं सुचवतील.

आणि सगळं करूनही नाही जमलं तर? असं होतं. घरातल्या लहान मुलाला सतत धोका वाटत असेल, दोन कुत्र्यांचं रक्त येईपर्यंत भांडण होत असेल, तर ज्या शेल्टरमधून आणलं तिथेच परत द्या. आमच्याकडे असं कोणी आलं की ते मान खाली घालूनच येतात, आणि मला त्यांना सांगावंसं वाटतं की तुम्ही परत आणलंत, रस्त्यावर सोडलं नाहीत, आणि तो घरात कसा वागला हे सांगितलंत, ती माहिती त्याच्या पुढच्या घरासाठी आम्हाला फार कामाची असते. फक्त खरं सांगा सगळं.

ज्यांचं अजून नक्की होत नाहीये त्यांनी आधी फोस्टर करून बघा. बऱ्याच शेल्टरना काही आठवड्यांसाठी घर देणारी माणसं कायम हवी असतात, खाणं आणि उपचार बऱ्याच ठिकाणी तेच बघतात, काही ठिकाणी तर एका रात्रीपुरतं किंवा सुट्टीच्या दिवसापुरतं सुद्धा कुत्रं घरी नेऊ देतात. तेही जमत नसेल तर फिरवायला जा. फोन करून विचारा, पट्टा हातात धरून तासभर चालणारा माणूस कुठल्याच शेल्टरला कधी जास्त होत नाही.